बसण्याजोगे अंगण

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आमच्या समाजातील नोकरदार कुटुंबांनी जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी, शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या नगरांत घरे बांधली. वस्तीतल्या एका खोलीत वाढलेली पिढी स्वतःच्या नावावरील दीड हजार चौरस फुटांच्या भूखंडावर राहावयास आली, ही इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी घटना आहे. या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या नव्या घरी त्रिसरण-पंचशीलाच्या कार्यक्रमास आम्ही उपस्थित राहिलो आहोत. घर पाहून ऊर भरून येतो. भिंतीत पुस्तकांचे कपाट असते, मुलांसाठी अभ्यासाची स्वतंत्र खोली असते, स्वयंपाकाचा ओटा घरातल्या बाईच्या उंचीचा माप घेऊन बांधलेला असतो. मग आम्ही दाराबाहेर येतो आणि हा सारा विचार उंबरठ्यावरच थांबलेला आढळतो. फाटकापासून पायरीपर्यंत सलग पेव्हर ब्लॉक, भिंतीलगत कुंड्यांत शोभेचे दोन पाम, एका कोपऱ्यात हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा आणि उरलेल्या जागेत मोटार. बसावयास कोठेही जागा नाही. घरातील आजी पायरीवर बसलेली असते आणि कोणी आत-बाहेर करू लागले की तिला गुडघे धरून बाजूला सरकावे लागते.

शाळेच्या स्मरणिकेत घराच्या बागेविषयी लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटेल. शिक्षण, आरक्षण आणि धम्मचळवळ हे विषय या अंकात इतर मान्यवर हाताळतीलच. आमचे म्हणणे मर्यादित आहे. घराबाहेरची मोकळी जागा ही घराचीच एक खोली आहे आणि इतर खोल्यांप्रमाणे तिचा आराखडाही तिच्यात वावरणाऱ्या माणसांच्या सोयीवरून ठरला पाहिजे. रस्त्यावरून ती कशी दिसते हा प्रश्न त्यानंतरचा.

पेव्हर ब्लॉकला नावे ठेवण्यापूर्वी त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्यांचे बालपण पावसाळ्यात घोटाभर चिखल तुडवीत गेले, ज्यांच्या दारातून गावाचे सांडपाणी वाहिले, त्यांना दारासमोरची जमीन कोरडी असणे हीच पहिली चैन वाटते. उताराच्या शेवटी, पाणी जेथे साचते तेथे वस्ती, अशी अनेक गावांची रचना होती. त्यातच विंचू-काट्याची भीती आणि माती रोज झाडून घेणाऱ्या बाईचे मोडणारे कंबरडे. तेव्हा ‘सगळे फरसबंद करून टाका’ असे म्हणणाऱ्या घरमालकाला आम्ही अरसिक म्हणणार नाही. परंतु चिखलावरचा हा उपाय उन्हाळ्यात उलटतो. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेले सिमेंट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, भिंती गार होऊ देत नाही आणि ज्या वेळी माणसाने बाहेर बसावे, त्याच वेळी त्याला आत कूलरसमोर हाकलते. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता रस्त्यावर जाते ते वेगळेच.

शोभेच्या बागेचा नमुना आपल्याकडे कोठून आला, हेही पाहण्याजोगे आहे. इंग्रजी अमदानीत सिव्हिल लाइन्स आणि छावण्यांमध्ये जे बंगले उभे राहिले, त्यांची बांधणीच मोठ्या आवाराच्या मध्यभागी होती. पुढे हिरवळ, कडेला मेंदीचे कातरलेले कुंपण, वाटेच्या दोन्ही बाजूंना कर्दळी आणि कुंड्यांची रांग. ही बाग व्हरांड्यात बसून पाहावयाची होती. तीत राबणारे हात दुसऱ्याचे होते. आवाराचा विस्तार साहेब आणि गाव यांच्यातले अंतर राखण्यासही उपयोगी पडे. स्वातंत्र्यानंतर हेच बंगले आणि हीच शासकीय निवासस्थाने आमच्या पहिल्या पिढीतील अधिकाऱ्यांना मिळाली, आणि बाग म्हणजे अशीच असते हा समज तेथून आमच्या नगरांत उतरला. फरक एवढाच की तेथे आवार एकरांत होते आणि येथे फाटकापासून पायरीपर्यंत बारा फूट आहेत. बारा फुटांत हिरवळ लावली तर तिच्यावर पाय ठेवता येत नाही; पाय ठेवता येत नाही म्हणून तिचा उपयोग नाही; आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी तिला पाजावे लागते.

याच्या उलट, गावातील बाहेर बसण्याच्या जागा मोठ्या शहाणपणाने घडलेल्या होत्या. वडाचा किंवा पिंपळाचा पार, वाड्याची ओसरी, घरापुढचा ओटा: सावली, वारा, बसण्याची उंची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर, सारे तेथे जमून आलेले असे. दुःख एवढेच की या जागांवर बसण्याचा अधिकार जन्माने ठरत होता. आमच्या पूर्वजांचे आयुष्य उघड्यावर गेले, पण ते शेताच्या बांधावर, लाकूड फोडताना, निरोप घेऊन गावोगाव धावताना किंवा पाटलाच्या ओसरीपासून ठरावीक अंतरावर उभे राहून. उघड्यावर निवांत बसणे हा अनुभव आमच्या परंपरेत फारसा जमा झाला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्या घटनेकडे आम्ही या दृष्टीनेही पाहतो. पाण्याचा प्रश्न तर तीत होताच. शिवाय एका घराच्या आवारात कोणी यावे आणि कोणी नाही, हा आवाराच्या रचनेचा सनातन नियमच त्यांनी मोडला. पुढे सार्वजनिक जागांपुरता हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दिला. स्वतःच्या कुंपणाच्या आत काय करावयाचे, हे मात्र संविधान सांगत नाही. ते आपणच ठरवायचे आहे.

यासाठी आम्हाला बौद्ध वाङ्मयातील एक प्रकरण फार मोलाचे वाटते. विहार हा शब्द उच्चारताच आपल्यासमोर इमारत उभी राहते, परंतु वेळुवन, जेतवन, जीवकाचे आम्रवन ही मुळात वने आणि उद्याने होती. संघाच्या निवासस्थानालाच ‘आराम’ अशी संज्ञा होती. अनाथपिंडिकाने श्रावस्तीजवळ जागा शोधली तेव्हा त्याने लावलेल्या कसोट्या विनयपिटकात नमूद आहेत. जागा गावापासून फार दूर नको आणि फार जवळही नको, लोकांना जाण्या-येण्यास सोयीची हवी, दिवसा गर्दी नसावी आणि रात्री गलबला नसावा. यांत रम्य देखाव्याचा उल्लेख नाही.

त्याहूनही बोलके आहे ते चुल्लवग्गातील चंक्रमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालण्याच्या वाटेचे प्रकरण. भिक्खूंचे आरोग्य बिघडलेले पाहून वैद्य जीवकाने चंक्रमण आणि उष्ण स्नानगृह यांची शिफारस केली आणि तथागतांनी ती मान्य केली. मग भिक्खू ओबडधोबड जमिनीवरच चालू लागले; त्यांचे पाय दुखू लागले, म्हणून जमीन सपाट करण्याची अनुज्ञा मिळाली. वाट सखल होती, तीवर पाणी येऊ लागले, म्हणून जोते उंच करण्याची अनुज्ञा मिळाली. जोते ढासळू लागले, तेव्हा ते विटांनी, दगडांनी किंवा लाकडाने बांधून काढण्याची. चढताना त्रास होतो म्हणून पायऱ्या आल्या, चालता चालता कोणी खाली पडतो म्हणून कठडा आला, आणि उघड्यावर ऊन व थंडी बाधते म्हणून शेवटी वर छप्पर आले. प्रत्येक सुधारणेच्या मागे एका शरीराची तक्रार आहे. कोणीही आधी नकाशा काढून त्यात माणसे बसविली नाहीत. आजच्या वास्तुविशारदांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. जाता जाता आणखी एक: संघाचा मंचक किंवा आसन उघड्यावर मांडून, ते परत न ठेवता निघून जाणे हा भिक्खूच्या दृष्टीने दोष मानला आहे. म्हणजे खाटा आणि आसने बाहेर नेऊन बसण्याची पद्धत होती, आणि ती आत आणण्याचा कंटाळाही होता. आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांना हा नियम विशेष जिव्हाळ्याचा वाटेल.

सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात लोकोपयोगी कामे सांगितली आहेत, त्यांतही हीच दृष्टी आहे. वाटेवर माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. सावली, पाणी आणि टेकण्याची जागा या तीन गोष्टी तेथे एकत्र येतात. आपल्या फाटकाच्या आतील बारा फुटांसाठीही याहून वेगळी यादी आम्हाला सुचत नाही.

प्रत्यक्ष आराखड्याकडे वळताना पहिला प्रश्न विचारावा तो वेळेचा: कोण, किती वाजता बाहेर बसणार? बहुतेक घरांत उत्तर सारखेच येते. सकाळी वर्तमानपत्र घेऊन वडील, दुपारी काम आटोपल्यावर घटकाभर आई, संध्याकाळी मुले, रात्री जेवणानंतर सगळेच. या वेळा कळल्या की दिशा आपोआप ठरतात. दुपार कलली की घराची सावली पूर्वेकडे पडते. म्हणून उन्हाळ्याच्या संध्याकाळची बैठक घराच्या पूर्वेला असावी. पश्चिमेच्या अंगणात मे महिन्यात पाच वाजताही बसवत नाही, तेथे सकाळची आणि रात्रीची बैठक चालते. हिवाळ्यात सूर्य भरदुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनी उन्हाला बसायचे ते दक्षिणेच्या भिंतीशी. उन्हाळ्यात मध्यान्हीचे ऊन जवळजवळ डोक्यावरून येते, ते वरच्या आच्छादनाने अडते. सकाळ-संध्याकाळचे ऊन आडवे येते, त्याला झाड किंवा वेलच हवा. घराचे तोंड कोणत्या दिशेला असावे याविषयी वास्तुशास्त्रवाल्यांना पैसे मोजणारे आमचे काही बांधव आहेत. त्यांनी त्याऐवजी एक दिवस भूखंडावर खुर्ची टाकून सावली कोठून कोठे सरकते ते पाहिले तर तेवढ्यात काम होईल आणि दक्षिणाही वाचेल.

दुसरी गोष्ट जागा एकवटण्याची. नगररचनेच्या नियमांप्रमाणे सोडावी लागते ती जागा सोडावीच. परंतु त्यावर आपल्या मर्जीने जी जागा मोकळी ठेवायची, ती चारही बाजूंना दोन-दोन फूट वाटून टाकू नये. अशा पट्ट्यांत फुटक्या बादल्या आणि जुन्या टाक्यांखेरीज काही साठत नाही. तीच जागा एका बाजूला घेतली तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा एक चौक सहज निघतो. त्यात सहा फुटांची बाज मावते, समोर दोन-तीन खुर्च्या मावतात आणि मधून चहाचा ट्रे घेऊन माणूस जाऊ शकते. मोटारीसाठी जागा ठेवावी, हरकत नाही. पण ती दिवसभर कचेरीच्या आवारात उभी असते, तेव्हा तिची जागा मुलांना खेळता येईल अशी असावी.

बसण्याच्या कट्ट्याची उंची दीड फूट असावी. याहून खाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठताना दुसऱ्याचा हात लागतो. रुंदी मात्र शहरी बाकाप्रमाणे दीड फूट न ठेवता अडीच फूट घ्यावी, कारण आपली माणसे मांडी घालून किंवा एक पाय वर घेऊन बसतात. तांदूळ निवडायला बसलेल्या बाईचे सूपही त्यावर राहिले पाहिजे. पाठीला टेकू आणि एका टोकाला हाताचा आधार असावा. काळा कडप्पा दिसावयास सुबक असतो, पण उघड्या उन्हात तो तव्यासारखा तापतो. कट्टा सावलीत नसेल तर फिकट रंगाची फरशी बरी. पायऱ्यांची उंची सहा इंचांपेक्षा अधिक नको आणि पाऊल पूर्ण टेकेल एवढी, किमान एक फूट रुंदी हवी. प्रतिष्ठेसाठी जोते तीन-तीन फूट उंच करण्याची चढाओढ आमच्या नगरांत आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट. एवढी जागा कोणाच्याच अंगणात नाही. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला की ते आपल्याच घरात अडकून पडतात.

जमिनीविषयी मधला मार्ग उपलब्ध आहे. जेथे पाय पडतो तेथे वाट बांधून काढावी. दोन माणसे बोलत शेजारी-शेजारी चालतील तर चार फूट, एकट्यासाठी अडीच फूट पुरते. बैठकीच्या चौकात शहाबादी फरशी किंवा उभ्या विटा वाळूवर बसवाव्यात, म्हणजे सांध्यांतून पाणी मुरते. बाकी माती राहू द्यावी आणि साऱ्याचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवावा. न्हाणीघराचे पाणी तीन फूट लांब, रुंद आणि खोल अशा शोषखड्ड्यात दगड-विटांच्या तुकड्यांवर सोडले की चिखल होत नाही, आणि शेजारी केळीचे बेट आणि अळू वेगळे पाणी न घालता वाढते. कारंजे, कमळाचे टाके यांचा मोह शक्यतो टाळावा; टाके ठेवलेच तर त्यात गप्पी मासे सोडावेत, नाहीतर संध्याकाळची बैठक डासांच्या स्वाधीन होते. विंचू-सापांसाठी सर्व अंगण फरसबंद करण्याची गरज नाही. विटांचा ढीग, सरपण आणि पालापाचोळा बैठकीपासून दूर ठेवला आणि वाटेवर पायाशी उजेड पाडणारा मंद दिवा लावला तर पुरे होते. डोळ्यांवर येणारा पांढरा फोकस लावून अंगणाची पोलीस चौकी करू नये.

घराच्या मागच्या बाजूविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण बागेच्या चर्चेत ती कधीच येत नाही. अंगणात सर्वांत जास्त वेळ घालवणारी व्यक्ती घरातील स्त्री असते आणि ती तेथे विश्रांती घेत नसते. ती धुणे धुते, भांडी घासते, पाणी भरते, धान्य वाळवते. एवढे असूनही आमच्या कित्येक घरांत पुढच्या बाजूला लोखंडी जाळीचे कमानदार छत असते आणि मागे धुण्याच्या दगडावर रणरणते ऊन. आमचे स्पष्ट मत आहे की घराबाहेरची पहिली सावली धुण्याच्या दगडावर पडली पाहिजे. दगड कमरेएवढ्या उंचीवर बांधावा, म्हणजे उभ्याने धुता येईल. ज्यांना बसून सवय आहे त्यांच्यासाठी भांडी घासण्याच्या जागी वीतभर उंचीचे बसणे आणि पाय लांब करण्यास जागा असावी. दोरी तिच्या हाताला येईल अशी असावी. आणि तेथेच, रस्त्यावरून नजर पोहोचणार नाही अशा आडोशाला, तिच्यासाठी एक कट्टा असावा. पुढच्या अंगणात पाहुणा आला की बाईने उठून आत जायचे, ही रीत आम्ही दीक्षेबरोबर टाकली असे समजतो. व्यवहारात ती गेलेली नाही.

अंगणाच्या मध्याचा प्रश्न निराळा आहे. सवर्ण घरांत तेथे तुळशीवृंदावन असे आणि अंगणाची सारी मांडणी त्याभोवती होई. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या घरांतून ते गेले आणि ती जागा रिकामी झाली. अलीकडे तेथे चौथरा करून मूर्ती किंवा कायमचा ध्वजस्तंभ उभारण्याची पद्धत पडत आहे. श्रद्धेचा आम्ही आदर करतो. मात्र दहा-बारा फुटांच्या अंगणात मध्यभागी चौथरा आला की पुन्हा माणसे कडेला सरकतात. मध्य माणसांसाठी मोकळा राहू द्यावा. वंदनेची जागा घरात आहे, विहारात आहे. स्वतः बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले तेव्हा ग्रंथांसाठी वरचा मजला राखला होता. घर कशासाठी बांधावयाचे याचा तो नमुना आहे.

झाडांच्या निवडीतही भावनेला थोडा आवर हवा. बोधिवृक्ष म्हणून पिंपळाचे रोप भिंतीला लागून लावणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पिंपळाची मुळे पाया आणि टाकी दोन्हींत शिरतात. मग दहा वर्षांनी तो तोडण्याची वेळ येते आणि तोडणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. पिंपळ विहाराच्या किंवा शाळेच्या मोठ्या मैदानात शोभतो. घरासाठी कडुनिंब आणि करंज ही दोन झाडे आम्हाला सर्वांत भरवशाची वाटतात. दोघेही पानगळीनंतर लवकरच नवी पालवी धरतात, आणि करंजाची सावली तर ऐन मेमध्ये दाट असते. गुलमोहर ऐन उन्हाळ्यात फुलतो खरा, पण त्याचे लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांद्या कोसळतात, तेव्हा तो छपरापासून आणि बैठकीपासून लांब बरा. सप्तपर्णी अनेक नगरपालिकांनी रस्तोरस्ती लावली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या फुलांचा उग्र वास दम्याच्या माणसाला खिडकीही उघडू देत नाही. लहान अंगणाला सीताफळ, लिंबू, पेरू, कढीपत्ता पुरेसे आहेत. रात्रीच्या बैठकीजवळ मोगरा किंवा पारिजातक असावा. रातराणी थोडी दूर, कारण तिचा वास जवळून डोके चढवतो. झाड कोणतेही असो, खोडाभोवती तीन-चार फूट माती मोकळी ठेवावी. खोडाला गळ्याशी सिमेंट भिडवून वर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असे रंगविलेले आम्ही पाहिले आहे.

कुंपणाच्या भिंतीविषयी आमच्यात मतभेद आहेत. शिक्षक-सहकाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे, मुलींची घरे आहेत, भिंत सहा फुटांची हवी. आम्हाला साडेतीन फूट भिंत आणि तीवर वेलाची जाळी हा तोडगा बरा वाटतो. वारा येतो, बसलेले माणूस झाकले जाते, उभ्याला शेजाऱ्याशी बोलता येते. शक्य असेल त्याने भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, आपल्या हद्दीतच, एक ओटाही बांधावा. भाजीवाली, टपालवाला, दुपारच्या उन्हातून शाळेतून परतणारे कोणाचेही मूल तेथे टेकेल. ज्यांच्या आजोबांना दुसऱ्यांच्या ओट्यावर टेकू दिले गेले नाही, त्यांच्या घराबाहेर असा ओटा असण्यात आम्हाला विशेष औचित्य वाटते.

आतापर्यंत दीड हजार चौरस फुटांविषयी लिहिले, पण समाजातील मोठा भाग तेथवर पोहोचलेला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला एवढ्या घरात झोपता येते. राहणे बरेचसे बाहेरच घडते. तेथे अंगण म्हणजे मुलांची अभ्यासिका, पाहुण्यांची बैठक आणि उन्हाळ्यातील शयनगृह. अनुदानाच्या हिशेबात मात्र घर भिंतीशी संपते. चार बल्ल्या, बांबूची जाळी आणि तीवर दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा वेल एवढ्या खर्चात दहा फुटांची एक खोली त्या घराला जोडता येते. ग्रामपंचायतीत निवडून गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी घरकुलांच्या नव्या रांगा आखताना दोन दारांमधील अंतर, झाडांच्या जागा आणि शोषखड्डे यांचा आग्रह धरावा, ही त्यांना आमची विनंती. पायाभरणीपूर्वी हे काम एका दुपारचे आहे. नंतर ते होत नाही.

आता थोडे आपल्या शाळेविषयी. वर्धापन महोत्सवाची आठवण म्हणून प्रवेशद्वारापाशी रंगीत दिव्यांचे कारंजे आणि त्याभोवती तारेच्या कुंपणातील बाग करावी, असा प्रस्ताव माजी विद्यार्थ्यांच्या सभेत आला आहे. देणगीदारांची भावना निर्मळ आहे यात आम्हाला शंका नाही. परंतु निवासी शाळा हे दहा महिने मुलांचे घर असते, आणि त्या घरात आज दोन प्रकारच्याच जागा आहेत: जेथे रांगेत उभे राहायचे आणि जेथे गाद्यांच्या रांगेत झोपायचे. पालक भेटून गेल्यावर रविवारी संध्याकाळी पाचवीतले मूल कोठे जाते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ते पाण्याच्या टाकीमागे जाते, कारण आवारात एकट्याने किंवा दोघांनी बसण्याजोगी दुसरी जागा नाही. त्याच्यासाठी कारंज्याचा काही उपयोग नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) महाविद्यालयाच्या परिसराला नागसेनवन हे नाव आहे. शिक्षणसंस्थेच्या नावातच वन असावे, यातला अर्थ आपण घेतला पाहिजे.

म्हणून आमचा पर्यायी प्रस्ताव असा. कारंज्याचा निधी वसतिगृहाच्या पूर्वेकडील मोकळ्या पट्टीसाठी वापरावा. तेथे मैदानाच्या कडेने, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, दोघांचे आणि चौघांचे असे दहा-बारा कट्टे बांधावेत. काहींची तोंडे मैदानाकडे, काहींची भिंतीकडे. कट्ट्यांच्या मागून चार फूट रुंदीची सपाट वाट वसतिगृहाला वळसा घालून जावी, म्हणजे पाठांतर करणाऱ्यांना चंक्रमण करता येईल. पिण्याच्या पाण्याचा एक नळ लहान मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर असावा. एक कोपरा मुद्दाम न आखता सोडावा आणि वर्षभरात मुले तेथे काय करतात ते पाहून मग त्याचे ठरवावे. ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी काढून टाकावी. जास्वंद आणि कण्हेर मुबलक लावली तर मुलांनी चार तोडल्याने काही बिघडत नाही. कण्हेर मात्र विषारी आहे, तेव्हा ती पाचवी-सहावीच्या मुलांच्या वाटेवर नको, मागच्या कुंपणाला असावी.

खड्डे मे महिन्यातच घेऊन ठेवावेत आणि दोन-तीन पाऊस झाल्यावर करंजाची रोपे लावावीत. ती खाली बसण्याएवढी मोठी व्हायला पाच-सहा वर्षे लागतील. तोपर्यंत कट्ट्यांवर बांबूचा मांडव घालून दोडक्याचे वेल चढवावेत. दोडके स्वयंपाकघराला उपयोगी पडतील.